हाजीसाहेबांचा दुसरा निकाह

पुतणी तहसीनच्या शुक्रवारच्या निकाहाला पाच दिवस उरले असताना, रविवारी पहाटेच्या नमाजनंतर, हाजी गुलाम दस्तगीर मणियार यांना कळलं की त्यांचं स्वतःचं लग्न मोडलेलं आहे. एक्केचाळीस वर्षांचं लग्न, आणि ते मोडून महिना झाला तरी त्यांना पत्ता नव्हता. या महिनाभरात ते बायकोच्या, खैरूनबीच्या, हातचं दोन्ही वेळ जेवले, तिच्याकडून गुडघ्याला तेल लावून घेतलं, आणि वरणात मीठ जास्त पडलं म्हणून तिला चारचौघांत बोललेसुद्धा. हे सगळं एका परक्या बाईच्या बाबतीत, म्हणजे केवढं पाप झालं असेल बघा.

ही खबर दिली मशिदीतल्या नव्या मौलवीसाहेबांनी. मौलवीसाहेबांचं वय बत्तीस, पण आवाज साठीचा होता आणि प्रत्येक वाक्य ते असं संपवत की पुढच्याला मान डोलावण्याशिवाय काही उरू नये. हाजीसाहेब मशीद कमिटीच्या सदरपदासाठी, म्हणजे अध्यक्षपदासाठी, उभे होते. त्यामुळे त्यांची मान इतरांपेक्षा जरा लवकर डोलली.

गुन्हा तीर्थपुरीत घडला होता. मागच्या महिन्यात तहसीनच्या मंगनीसाठी, म्हणजे साखरपुड्यासाठी, मणियारांचं सगळं घर तिकडे गेलं. मुलगा उजैर अत्तार, भोकरदनच्या गुरांच्या सरकारी दवाखान्यात नोकरीला. सरकारी नोकरी हा एक पंथ असा आहे की तो सगळ्या पंथांना मान्य असतो, म्हणून अत्तार मंडळी तबलिगवाली आहेत आणि मणियार सुन्नत जमातवाले, याची तेव्हा कोणाला आठवण झाली नाही. तसं पाहिलं तर दोघांचं कुराण एक, नमाज एक, निकाहाचे नियम ज्या इमामांनी सांगितले तेही एकच. फरक इतकाच की मणियारांच्या घरी उरुसाला मलिदा होतो, मयतांच्या नावाने फातेहा होते, आणि अत्तारांच्या घरी होत नाही. तेवढ्यावर दोन्हीकडची मंडळी एकमेकांना जन्नतीच्या दारातून परत पाठवायला तयार असतात.

तर तीर्थपुरीत बिर्याणी झाली, चार-साडेचारला असरची अजान झाली, आणि वडील माणूस म्हणून हाजीसाहेब पहिल्या रांगेत जाऊन उभे राहिले. त्यांच्या डाव्या-उजव्या हाताला दोघे धाकटे भाऊ, रशीद आणि याकूब. पुढे इमाम म्हणून उजैरचे चाचा. चार रकात नमाज, सलाम, आणि वर मुलाच्या चाचांना गळाभेट. बिचाऱ्यांना वाटलं होतं की आपण नमाज पढली.

"आप ने उस को मुसलमान मान के उस के पीछे नमाज पढी," मौलवीसाहेब म्हणाले होते. "इमान गया. इमान गया तो निकाह गया."

इलाज सोपा होता. तिघा भावांनी पुन्हा कलमा पढायचा, तौबा करायची, आणि आपापल्या बायकांशी नव्याने निकाह लावायचा. पाच मिनिटांचं काम. आणि तहसीनचा निकाह अर्थातच रद्द, कारण जो मुसलमानच नाही त्याच्याशी मुसलमान मुलीचा निकाह होणार कसा?

घरी येईपर्यंत हाजीसाहेबांनी सगळं ठरवून टाकलं होतं. घरात कोणाला काय वाटेल हा प्रश्न त्यांना पडला नाही. तो त्यांना एक्केचाळीस वर्षांत पडला नव्हता, मग आजच का पडावा?

*

दहा वाजता घराच्या पुढच्या भागातल्या बांगड्यांच्या दुकानाचं शटर अर्धं खाली आलं आणि मागच्या बैठकीत तिघे भाऊ बसले. शेजारच्या बियाण्यांच्या दुकानाचे अप्पाराव रोजच्यासारखे चहाला आले होते. त्यांना जा म्हणावं की बस म्हणावं हे न कळल्यामुळे ते बसले.

याकूबला हे सगळं सकाळी घरीच कळलं होतं. तो तहसीनचा बाप. स्वभावाने इतका गरीब की दुकानात गिऱ्हाइकाला बांगडी बसली नाही तर त्याला स्वतःच्याच हाताचा राग यायचा. उभ्या जन्मात तो भावापुढे एकच वाक्य बोलत आला होता, 'भाईजान म्हणतील तसं.' आज तेच वाक्य ओठांवर आलं आणि त्याने ते गिळलं. त्याला तहसीनचा चेहरा आठवला.

"भाईजान, मी सकाळीच कोर्टातल्या वकिलाला फोन करून विचारलं," तो म्हणाला. "ते म्हणले कायद्यानं दोघं बी मुसलमानच. जमात कोणती बी असू दे, निकाह बराबर हाये."

"वकील कबरीत येणार हाये का तुझ्यासंगं?" हाजीसाहेबांनी विचारलं.

"फी घेतली असंल तर यील बी," अप्पाराव म्हणाले. कोणी हसलं नाही, म्हणून त्यांनी चहात बिस्कीट बुडवलं.

याकूबने खिशातून मोबाईल काढला. त्याच्या बायकोने, शाहेदाने, सकाळीच कुठल्याशा मुफ्तींचं उत्तर मिळवलं होतं. कलमा पढणाऱ्या कोणत्याही मुसलमानाशी निकाह दुरुस्त, म्हणजे वैध, आहे, असं त्यात स्वच्छ लिहिलं होतं. त्यावर रशीदने आपला मोबाईल काढला. त्याच्याकडे बरोबर उलटा फतवा होता, आणि वर एक गुलाबाच्या फुलांचा व्हिडिओही. अर्धा तास दोघे भाऊ एकमेकांना मोबाईलवरून परलोक पाठवत राहिले. गावात नेटवर्क चांगलं असल्याचे हे परिणाम.

रशीदचं वागणं याकूबला बोचत होतं. मंगनीत सगळ्यात जास्त बिर्याणी रशीदनेच खाल्ली होती. पण जालन्यातल्या त्याच्या भागीदाराचा मुलगा अजून बिनलग्नाचा होता, आणि हे स्थळ तहसीनसाठी रशीदने दोन वर्षांपूर्वी आणलं होतं, ही गोष्ट दोघेही विसरले नव्हते.

"भाईजानचं म्हणणं बिलकुल बराबर हाये," रशीद म्हणाला. "दीन-धरमच्या पुढं काय हाये? पोरगी दोन दिवस रडंल. मंग जालन्याचं बघू."

"आणि तुझा निकाह?" याकूबने विचारलं.

"त्यात काय? पाच मिनिटांचं काम," रशीद म्हणाला.

अप्पारावांनी कप खाली ठेवला. "हाजीसाब, एक विचारू का? मला यातलं कळत न्हाई म्हणून. निकाह मोडला म्हणता, मंग आता या घडीला भाभी तुमच्या कोण?"

हाजीसाहेबांनी घड्याळाकडे पाहिलं. "मौलवीसाब येऊन राह्यलेत अकराला," ते म्हणाले. "मंग सगळं बराबर होईल."

*

तहसीन जिन्यावर बसून हे सगळं ऐकत होती. ती मेडिकलच्या दुकानात फार्मासिस्ट होती, आणि उजैर तिला पहिल्यांदा तिथेच भेटला. वासरासाठी सलाईन हवं म्हणून आला होता. तिने विचारलं, 'पेशंटचं नाव?' त्याने गंभीरपणे सांगितलं, 'ढवळ्या, वय तीन महिने.' तिने बिलावर तेच लिहिलं. पुढे वासरं वारंवार आजारी पडू लागली. घरच्यांनी हे स्थळ आपणच शोधलं असं मानलं आणि दोघांनी त्यांना तसं मानू दिलं.

आता उजैरचा मेसेज आला होता. 'चाचांना इथले लोक म्हणतात, उरुसवाल्यांकडची मुलगी कशाला? तरी चाचा म्हणाले, आपण शब्द दिलाय, आपण मागे हटणार नाही. तुमच्याकडून हो आहे ना?'

तहसीनने तीन वेळा उत्तर लिहून पुसलं. 'हो' म्हणणं तिच्या हातात नव्हतं. तिचे बडे अब्बा, म्हणजे हाजीसाहेब, दोन दिवसांत ते 'नाही' करणार होते, अब्बा गप्प बसणार होते, आणि पुढच्या वर्षी ती जालन्यात कोणाच्या तरी घरी चहाचा ट्रे घेऊन उभी असणार होती. हे सगळं तिला अगदी साफ दिसलं. ती उठून स्वयंपाकघरात गेली.

तिथे खैरूनबी लसूण सोलत होती. शाहेदा डोळे पुसत होती. रशीदची बायको नसीम पोळ्या लाटत होती आणि दर पोळीला "काय पण येडेपणा" म्हणत होती.

"बडी अम्मी, काहीतरी करा ना," तहसीन म्हणाली. "तुमचं ऐकतील ते."

"माझं?" खैरूनबीने लसणाची पाकळी ताटात टाकली. "बेटा, हज करून आले तेव्हा मी विचारलं, गर्मी होती का तिकडं? तर म्हणले, तुला काय करायचं. ते माझं ऐकत न्हाईत. मी त्यांचं ऐकते. आमच्यात तसंच ठरलेलं हाये."

"मग आता?"

खैरूनबीने तिचा हात हातात घेतला. चाळीस वर्षं ती भोकरदनच्या आसपासच्या गावांत लग्नाचा चुडा भरायला जात होती. पाटलांच्या पोरी, वाण्यांच्या पोरी, संघपाल गुरुजींची मुलगी भावना, सगळ्यांचे हात तिने हातात धरले होते. नवरी राजी असली की हात सैल सोडते, बांगडी तेलावर सरकावी तशी सरकते. राजी नसली की अंगठा आत ओढते, मूठ आवळते, आणि मग काच फुटतो. आई-बापांना हे कळत नाही. मणियारणीला कळतं, पण मणियारणीला कोणी विचारत नाही. काल तिने तहसीनच्या हाताचं माप घेतलं तेव्हा पोरीने हात असा सोडला होता की खैरूनबीला हसू आलं.

"मौलवीसाब कशाला येऊन राह्यलेत म्हणलीस?" तिने विचारलं.

"तुमचा निकाह लावायला."

"माझा," खैरूनबी म्हणाली. तिने पदराला हात पुसले. "मंग मला विचारतील की."

*

मौलवीसाहेब अकराला आले ते अजान देणाऱ्या मुअज्जिनला आणि इसाक बागवानला घेऊन. साक्षीदार बाहेरून आणावे लागले, कारण घरातल्या सगळ्या पुरुषांचं इमान तीर्थपुरीत राहिलं होतं. तिघा भावांनी रांगेत बसून कलमा पढला. पढताना रशीदने एक डोळा घड्याळावर ठेवला होता. पुन्हा मुसलमान झाल्यावर हाजीसाहेबांना बरं वाटलं. त्यांनी नवरीला द्यायचा मेहर जाहीर केला, पहिल्या वेळी होता तितकाच. महागाई त्यांच्या ध्यानात आली नाही.

मग मौलवीसाहेब आणि दोघे साक्षीदार स्वयंपाकघराच्या पडद्यापाशी गेले. वयाच्या मानाने पहिला नंबर खैरूनबीचा.

"खैरुन्निसा बिन्ते शेख मदार," मौलवीसाहेबांचा साठीचा आवाज लागला, "गुलाम दस्तगीर वल्द बाबामियां से आप को निकाह कबूल है?"

आतून काही आलं नाही. त्यांनी पुन्हा विचारलं. पोळी भाजल्याचा वास आला, बाकी काही नाही. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा आवाज थोडा पन्नाशीकडे आला होता.

"गप हाये म्हणजे हां हाये," रशीद बैठकीतून ओरडला. "बाईमाणूस लाजतं. मुबारक हो भाईजान!"

मुअज्जिनने दुआसाठी हात वर केले. हाजीसाहेबही समाधानाने दाढीवरून हात फिरवू लागले. पण मौलवीसाहेब हलले नाहीत. ते पोथीपंडित असतील, पण लबाड नव्हते, आणि त्यांनी पोथी नीट वाचली होती.

"नहीं," ते म्हणाले, आणि हे बोलताना त्यांचंच तोंड कडू झालं. "खामोशी कुंवारी लडकी की हां होती है. जिस का पहले निकाह हो चुका है, उस को जबान से बोलना जरूरी है."

मुअज्जिनने वर केलेले हात खाली घेतले.

"खैरून!" हाजीसाहेब गरजले. "बोल की! लोक उभे हायेत!"

पडद्यामागून आवाज आला. शांत, रोजचाच. "मौलवीसाब, बाहेर जे साहब बसलेत त्यांना सांगा, परक्या बाईला असं नावानं हाक मारू नये. मी पर्द्यात हाये."

अप्पारावांना चहाचा ठसका लागला. इसाक बागवानने त्यांच्या पाठीवर थोपटलं.

"भाभी, मस्करीची येळ हाये का ही?" रशीद म्हणाला.

"मस्करी कोण करून राह्यलं? सकाळी तुम्हीच म्हणले निकाह गेला. मी न्हाई म्हणले." पडदा जरा हलला. "मौलवीसाब, म्हणून मी तुम्हाला विचारते. मी हां म्हणायलाच पाहिजे का?"

मौलवीसाहेबांनी हाजीसाहेबांकडे पाहिलं, मग छताकडे. "नहीं, आपा. आप की मर्जी है. जबरदस्ती का निकाह नहीं होता."

"मंग मला सोचायला येळ पाहिजे."

"किती?" हाजीसाहेबांचा आवाज फाटला.

"मौलवीसाब, त्यांना सांगा की पहिल्या निकाहाला मी सोळा वर्षांची होते. रडून राह्यले होते. माझे मामू आत आले, मला बघितलं, आणि बाहेर जाऊन सांगितलं की पोरगी हां म्हणली. मला येळ बी न्हाई भेटला आणि बोलायला बी न्हाई भेटलं. आता तुम्ही म्हणता जबानीनं बोला. एवढी मोठी गोष्ट पहिल्यांदाच बोलायची, तर जरा सोचू द्या."

"मला बी येळ पाहिजे," नसीमचा आवाज आला. लाटण्याचा आवाज थांबला होता.

रशीद उठून उभा राहिला. "ए नसीम! तुझा नंबर यायचाय अजून!"

"म्हणून तर आधीच सांगून राह्यले. मागच्या बकरी ईदला तुम्ही माझ्या आईला काय बोलले, ते पण सोचायचंय मला."

"आणि मला पण," शाहेदा म्हणाली. ती हे म्हणाली याचं सगळ्यात जास्त नवल याकूबला वाटलं. आणि का कोण जाणे, त्याला आपल्या बायकोचा अभिमान वाटला.

*

दुपारी एक वाजेपर्यंत परिस्थिती अशी होती: बैठकीत तीन नवे मुसलमान, तिघेही बिनबायकोचे. आत तीन परक्या बायका, आणि त्यांच्याकडे सगळा स्वयंपाक. लसणाच्या फोडणीचा वास बैठकीपर्यंत येत होता. मौलवीसाहेबांना आणखी एका घरी जायचं होतं, पण वास त्यांनाही आला होता आणि ते उठत नव्हते.

सकाळी भाईजानच्या बाजूला असलेला रशीद दुपारपर्यंत त्यांच्यापासून बराच लांब सरकून बसला होता. "मी म्हणतो भाईजान," तो म्हणाला, "घाई झाली जरा. एका नमाजसाठी इतकं..."

"सकाळी तूच म्हणलास, दीनच्या पुढं काय हाये?"

"दीनच्या पुढं काय न्हाई हो. पण नसीमला तुम्ही ओळखत न्हाई. ती सोचाया लागली की थांबत न्हाई."

तेवढ्यात पडदा बाजूला झाला. खैरूनबी बाहेर आली ती काळा बुरखा घालून, हातात कापडी पिशवी. मागे तहसीन आली आणि जिन्यापाशी थांबली.

"याकूब," खैरूनबी म्हणाली, "मला पिंपळगावच्या बसमध्ये बसवून दे. पिंपळगाव रेणुकाईला माझा भाऊ हाये. परक्या मर्दाच्या घरात मी कशी राहू? मौलवीसाब, बराबर हाये ना?"

या वेळी मान मौलवीसाहेबांनी डोलावली. बराबरच होतं.

हाजीसाहेबांनी पिशवीकडे पाहिलं. तिच्यात तिचा चष्म्याचा डबा वर दिसत होता, आणि बांगड्या भरायची तेलाची बाटली. तेलाची बाटली पाहून त्यांना पहिल्यांदा भीती वाटली. रुसून जाणारी बाई धंद्याची बाटली घेत नाही. खैरूनबी पिंपळगावात राहायच्या तयारीने निघाली होती. तिथे मिरचीच्या हंगामात बायकांची गर्दी असते, तिथे तिचा भाऊ होता, आणि तिथे तिला कोणी मिठावरून बोलणार नव्हतं.

"लोक काय म्हणतील?" ते म्हणाले. "मशिदीचा सदर व्हायला निघालो मी."

याकूब उठला. "भाईजान, मी एकच बोलतो. तीर्थपुरीत त्या इमामाच्या मागं आपली नमाज झाली असंल, तर आपला निकाह शाबूत हाये आणि भाभी तुमच्या घरच्या. मंग उजैर बी मुसलमान हाये, आणि जुम्म्याला तहसीनचा निकाह होणार. नमाज झाली नसंल, तर मी भाभीला बसमध्ये बसवून येतो. दोन्ही एकदम न्हाई होत. तुम्हीच सांगा, झाली का न्हाई?"

एवढं लांब याकूब पन्नास वर्षांत बोलला नव्हता. तहसीनने जिन्याचा कठडा इतका घट्ट धरला की तिच्या हातातली काचेची एक बांगडी तडकली.

हाजीसाहेबांनी मौलवीसाहेबांकडे पाहिलं. "मौलवीसाब, सकाळी तुम्ही बोलले ती तुमची राय होती का शरीयतचा हुकूम?"

मौलवीसाहेबांनी पिशवीकडे पाहिलं. बिचाऱ्यांनी जे वाचलं ते खरं मानलं होतं, पण वाचलेल्या पानावर ही पिशवी नव्हती. "देखिये," ते म्हणाले, "इस मसले में उलमा का इख्तिलाफ है. बहुत से बुजुर्ग ऐसे निकाह को दुरुस्त कहते हैं."

उलमा म्हणजे धर्मपंडित, इख्तिलाफ म्हणजे मतभेद. हा शब्द सकाळी सहा वाजता त्यांच्याकडे नव्हता. पण आला हेही काही कमी नाही. अनेकांकडे तो जन्मभर येत नाही.

"मंग झालं तर!" हाजीसाहेबांनी मांडीवर थाप मारली. एका क्षणात त्यांचा आवाज परत आला. "नमाज झाली होती. मी तर तेव्हाच म्हणलो होतो, इमामसाब फार नेक माणूस हायेत. निकाह कुठं मोडला? काही न्हाई मोडलं. जुम्म्याला तहसीनचा निकाह, मी स्वतः पोरीच्या तर्फे निकाहाचा वकील म्हणून बसणार. याकूब, तीर्थपुरीला फोन लाव."

"मुबारक हो!" रशीद ओरडला. दिवसभरात तो दुसऱ्यांदा हे ओरडत होता, पण या वेळी मनापासून. अप्पारावांनी मौलवीसाहेबांना हात दिला, मुअज्जिनने एकदाचे दुआसाठी हात वर केले आणि सगळे आमीन म्हणाले. जेवणाचं दस्तरखान पसरलं गेलं. याकूब फोनवर बोलता बोलता रडू लागला, आणि तिकडून उजैरचे चाचा, त्यांना काहीच माहीत नसल्यामुळे, कोण गेलं म्हणून विचारू लागले.

*

जेवणं झाली. मौलवीसाहेब दोनदा वाढून घेऊन जेवले आणि गेले. तहसीन स्वयंपाकघरात आली तेव्हा खैरूनबी पाटावर बसली होती. बुरखा उतरवला होता, पिशवी मांडीवर होती.

तहसीनने तिला मिठी मारली. "बडी अम्मी, माझ्यासाठी केलंत ना सगळं?"

"तुझ्यासाठी सुरू केलं," खैरूनबी म्हणाली.

"मग?"

"मंग चांगलं वाटाया लागलं." ती पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत होती. "दोन तास, बेटा. दोन तास सगळे वाट बघून राह्यले होते, मी काय म्हणते त्येची. मौलवी, मुअज्जिन, बागवान. मी आत बसून खरंच सोचत होते. भावाकडं राहिले तर काय, इथं राहिले तर काय. असं मी कधी सोचलंच न्हाई. मंग यांनी बाहेर ठरवलं की निकाह मोडलाच न्हाई. बरं झालं, तुझं काम झालं. पण मला कोणी विचारलं न्हाई गं. दुसऱ्यांदा बी न्हाई विचारलं."

तहसीनने तिचा हात हातात घेतला. तिला आनंद झाला होता आणि आता त्या आनंदाची लाज वाटत होती. दारात खाकरल्याचा आवाज आला म्हणून ती मागच्या दाराने निघून गेली.

हाजीसाहेब उंबऱ्याबाहेर उभे होते. या दारातून आत येताना ते आजवर कधी थांबले नव्हते. पाणी हवं असलं तरी बैठकीतूनच ओरडायचे. आता आत यावं की नाही हेच त्यांना कळत नव्हतं.

"ती बाटली," ते म्हणाले. "तेलाची. ती कामून घेतली होती?"

खैरूनबीने पिशवी मांडीवर जवळ ओढली.

"खैरून, मौलवीसाबनी विचारलं तवा... तू न्हाई म्हणणार होती का?"

खैरूनबीने मान वर करून नवऱ्याकडे पाहिलं. दाढी मेंदीने लाल, डोक्यावर हजवरून आणलेली टोपी, आणि तिच्याखाली एक घाबरलेला म्हातारा.

"तुम्ही विचारून राह्यले का सांगून राह्यले?"

हाजीसाहेबांनी दाराच्या चौकटीवर एक हात टेकला.

"विचारून राह्यलो," ते म्हणाले.

"मंग सोचून सांगते," खैरूनबी म्हणाली.